कोपऱ्यातला ठिपका

गोदाकाकूंना दुसऱ्याची पेटी उघडायला कधीच निमित्त लागलं नाही, आणि त्या दिवशी तर निमित्तही होतं. घरच्या सुनेच्या, जयलक्ष्मीच्या, वळैकाप्पूला, म्हणजे गरोदरपणीच्या बांगड्या भरण्याला, आलेल्या बायका हातभर बांगड्या भरून, पाच तऱ्हांचे भात जेवून निघाल्या होत्या. ओटीचे खण एकानं कमी पडले आणि शेजारची सुंदरी दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन दाराशी ताटकळत राहिली. "माडीवरच्या पेटींत आहेत, मी आणतें," असं घरची लेक गोमती म्हणेपर्यंत काकू निम्मा जिना चढल्या होत्या. कालच तंजावरच्या पॅसेंजरमधून उतरताना ह्याच बाईंनी गुडघ्यांचं नाव करून पुतण्याला, वैद्यनाथला, हात धरायला लावला होता.

गोमती जिन्याखाली उभी राहिली. मागोमाग धावावं तर संशय यायचा. पेटीत खणांच्या खाली आईचं जुनं लुगडं होतं आणि त्या लुगड्याच्या घडीत तिच्या तीन महिन्यांचं काम होतं. चार दिवसांपूर्वी शिवणाच्या टीचर गावाला गेल्या, वर्गाला कुलूप लागलं, म्हणून तिनं ते घरी आणलं. चार दिवसांत काय होतंय, असं ती स्वतःला सांगत आली होती.

काकू उतरल्या तेव्हा हातात खण नव्हता. दोन बोटांच्या चिमटीत त्यांनी एक फिकट पिवळा फ्रॉक धरला होता, अगदी लहान. त्याच्या छातीवर बारीक चुण्या आणि चुण्यांवर तांबडं-हिरवं रेशीम भरलेलं होतं. काकूंनी सुंदरीला तमिळमध्ये गोड शब्दांत उद्या यायला सांगितलं, दार लोटलं, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मराठीत विचारलं, "नागू, हें कोण शिवटलं?"

गोमतीची आई नागलक्ष्मी ताकाचा हात पदराला पुसत बाहेर आली. फ्रॉक बघितला आणि मटकन झोपाळ्यावर बसली.

त्या घरात नियम एकच होता आणि तो सर्वांना पाठ होता. मूल जन्मून बारसं होईपर्यंत त्याच्यासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. तोवर जुन्या लुगड्याची फडकी पुरतात. न आलेल्याचं कापड शिवलं की येणाऱ्याला दृष्ट लागते, असं नागलक्ष्मीची सासू सांगे, आणि तिची सासू तिला. एरवी हा नियम कुणी फार मनावर घेतला नसता. पण जयलक्ष्मीचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं आणि दुसरं, मुलगी, नऊ दिवस राहून गेली होती. दुधानं तोंड पोळलेलं घर होतं ते. आता सातवा लागला होता, आणि हिरव्या-तांबड्या बांगड्यांनी कोपरापर्यंत हात भरून ती आतल्या खोलीत आडवी झाली होती.

"मी शिवटला," गोमती म्हणाली. "पण तो बाळाचा नव्हे. परीक्षेचा आहे."

"परीक्षेस काय लेकरू बसतं?" काकू म्हणाल्या.

गोमतीनं सांगितलं. सरकारी शिवणपरीक्षेला एक पुरा कपडा द्यावा लागतो, छापील कागदावर लिहिलंय, वर्षाच्या मुलाचा फ्रॉक, स्मॉकिंग केलेला. तिनं ठरवलेलं नाही, कागदानं ठरवलंय. मंगळवारी तंजावरला नेऊन द्यायचा. बारा ओळींपैकी दहा झाल्या, दोन राहिल्या.

"दुसरं कांहीं शिवायचं होतं. पिशवी शिवायची होती."

"पिशवीस मार्क नाहींत, काकू."

हे उत्तर उद्धट वाटलं हे तिला कळलं, पण तिच्याजवळ दुसरं नव्हतं. गोमती एकोणतीस वर्षांची होती. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा पिनांगला दुकानाच्या नोकरीवर गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. मंगळसूत्र गळ्यात होतं आणि मनुष्य कुठं होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुलींच्या शाळेत शिवणटीचरची जागा जूनमध्ये मोकळी होणार होती. दाखला हवा आणि वय तिशीच्या आत हवं. पुढच्या वर्षी तिशी उलटणार होती. म्हणजे ह्या वर्षी नाही तर कधीच नाही, आणि मग आयुष्यभर भावाच्या घरी ताक घुसळायचं. तिला ते नको होतं आणि नको म्हणायची तिला लाज वाटत नव्हती.

तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, अप्पाजी पेपर वाचत होते. आजोबा होऊ घातलेल्या सासऱ्यांनी अशा वेळी आत येऊ नये म्हणून ते बाहेर होते, पण त्यांचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"वैद्या," काकूंनी हाक मारली, "तुझ्या बायकोचा प्रश्न आहे. तूं बोल."

वैद्यनाथ तिरुभुवनच्या विणकर संघात कारकून होता आणि घरात कुणाच्या बाजूनं बोलायचं हे ठरवायला त्याला नेहमीच वेळ लागे. त्यानं फ्रॉककडे पाहिलं, रेशमाकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. ते रेशीम त्यानंच आणून दिलं होतं, मागावरचे उरलेले तुकडे, कागदात गुंडाळून. अक्काला, गोमतीला, परीक्षेला हवंय एवढंच त्याला माहीत होतं. कशावर टाकणार ते त्यानं विचारलं नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "पुढच्या वर्षीं देतां येत नाहीं का?"

"नाहीं."



*

आतल्या खोलीत जयलक्ष्मी जागी होती. कूस बदलली तरी बांगड्या वाजत, म्हणून ती उताणी, हात पोटावर ठेवून पडली होती. बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

तिला फ्रॉक माहीत होता. गोमतीवन्संनी तो मार्गशीर्षात सुरू केला तेव्हा पहिली अडचण ठिपक्यांची आली. स्मॉकिंगला आधी कापडाच्या उलट्या बाजूनं ठिपके काढायचे, पाव इंचावर एक, ओळीखाली ओळ, अगदी सरळ. मग प्रत्येक ठिपक्यावर सुई टोचून कच्चा दोरा घालायचा, आणि सगळे दोरे एकदम ओढले की छत्तीस इंचांचं कापड आक्रसून बारा इंचांचं होतं, चुण्या उभ्या राहतात. मग त्या चुण्यांच्या माथ्यांवर रेशमानं टाके, आणि शेवटी कच्चे दोरे काढून घ्यायचे. ठिपका एक सूतभर इकडे गेला तरी चुणी वाकडी, आणि वाकड्या चुणीवर कितीही रेशीम घाला, वाकडी ती वाकडीच. वन्संनी तीनदा फुटपट्टी लावली, तीनदा कापड धुतलं. वन्संची सुई सरळ, पण रांगोळी लहानपणापासून वाकडी.

"आणा इकडे," जयलक्ष्मी म्हणाली होती.

तिनं वाटीत नीळ कालवली, झाडूची हीर तासली, आणि दारात रोज काढते तसे ठिपके काढले. फुटपट्टी लागली नाही. बारा ओळी, एकशे चव्वेचाळीस ठिपक्यांची एक. ठिपके काढणं म्हणजे शिवणं नव्हे, असं दोघींनी मिळून ठरवलं होतं. सुईला तिनं हात लावला नव्हता. पण मनाला विचारलं तर तिला माहीत होतं की कापड कशाचं आहे, आणि तरी तिनं केलं होतं, आणि करताना तिला चांगलं वाटलं होतं.

बाहेर गोदाकाकूंना तोडगा सापडला होता. काकूंचा आवाज तोडगा सापडला की गोड होई.

"हें पाहा. रागानें बोलणं मज नक्को. सुंदरीचं लेकरू दहा महिन्यांचं. हा फ्रॉक तिच्या अंगांत घाला, आत्तांच. ज्याच्या अंगीं चढला त्याचा झाला. मग तो ह्या घरच्या बाळाचा नव्हेच. कापडही फुकट गेलं नाहीं, शेजार्‍यांसही बरं वाटेल, ओटीही राहिली होती."

साप मेला आणि काठीही मोडली नाही. वैद्यनाथनं सोडलेला सुस्कारा खोलीपर्यंत आला.

"तेंच करूं," तो म्हणाला. "अक्का, तेंच बरं."

"घातला कीं कच्चे दोरे काढावे लागतील," गोमती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "दोरे ठेवले तर छाती फाकत नाहीं, लेकराच्या अंगांत जात नाहीं. आणि परीक्षेस वरच्या दोन ओळींचे दोरे तसेच लागतात, आंत काम कसं केलं तें पाहतात. घातलेला कपडा घेतही नाहींत. एकदां घातला कीं संपलं."

"परीक्षा मोठी कीं लेकरू मोठं?"

 जयलक्ष्मीला वाटलं, आता गोमती सांगेल. आता म्हणेल, तुमच्या सुनेनंच ठिपके काढले, तिला विचारा. एक वाक्य पुरे होतं. सगळा राग तिथून उठून इकडे आला असता. वन्सं ते वाक्य बोलल्या नाहीत.

"मी पाहतें तर काय," काकू पुन्हा बोलल्या, आता त्यांनी फ्रॉक उलटा करून ठिपके बघितले असावेत, "ह्या पुळ्ळ्या कोण घातलं? गोमती, तुज रांगोळी कधीं धड आली नाहीं. तुझ्या लग्नांतसुद्धां मी पुसून परत काढटली होती."

"फुटपट्टीनें घातल्या."

"फुटपट्टीनें अशा येतात?"

जयलक्ष्मी उठली. बांगड्या खणखणल्या.

*

फ्रॉक फिरत फिरत नागलक्ष्मीच्या मांडीवर आला होता. तिनं तो मागितला नव्हता. काकूंनी "पाहा तर, किती सरळ" म्हणत तिच्यापुढे टाकला.

ठिपके खरोखरच सरळ होते. चुण्यांच्या पोटात निळे थेंब एकाखाली एक उतरत गेले होते. नागलक्ष्मी शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. ओळ संपल्यावर, उजव्या हाताला खाली, शिवणीच्या आत जाणाऱ्या कापडावर, एक ठिपका एकटाच होता. त्याचं तिथं काही काम नव्हतं. त्यातून दोरा गेला नव्हता.

तो ठिपका ती पाच वर्षं रोज सकाळी बघत होती. इन्नंबूरची ही पोर लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवसापासून दारातली रांगोळी पुरी झाली की उजव्या कोपऱ्यात बाहेर एक ठिपका ठेवायची. हा कशाला, असं विचारलं तर म्हणाली होती, आजी ठेवायची, दृष्ट लागू नये म्हणून. सगळं नीट जमलेलं चांगलं नाही, एक बाहेर राहू द्यावा.

नागलक्ष्मीनं अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला.

तिला आधी राग आला, आणि रागाच्या मागून भीती. वेडी पोर. दोन गेली आणि तिसऱ्याचं कापड स्वतःच्या हातानं आखते. मग तिनं मान वर करून जावेकडे पाहिलं, आणि तिसरी गोष्ट तिला स्वच्छ दिसली. हे गोदाक्काला कळलं तर उद्या तंजावरच्या चारी वीथींत कळेल. आणि पुढे काही वेडंवाकडं झालं, देव न करो, पण झालं, तर लोक गोमतीला बोलणार नाहीत. आईनंच केलं म्हणतील. ती पोर ते आयुष्यभर ऐकेल.

जयलक्ष्मी खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. एका हातानं चौकट धरलेली, चेहरा पांढरा.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "त्या पुळ्ळ्या—"

"तुज कोण उठायला सांगटलं?" नागलक्ष्मी एवढ्या मोठ्यानं बोलली की झोपाळा हलला. "सकाळपासून बसून पाय सुजले आहेत. आंत चल. गोदाक्का, तुम्ही कापी घ्या, गार होते. मी आलें."

फ्रॉक तिनं पदराखाली घेतला आणि सुनेला दंडाला धरून आत नेलं. दार लावलं.

"मी घातल्या," जयलक्ष्मी म्हणाली.

"माहीत आहे."

"वन्सं माझ्यासाठीं बोलणं खातात. मज तें सोसत नाहीं."

"सोस. तिज सोसतं, तूंही सोस." नागलक्ष्मीनं फ्रॉक खाटेवर ठेवला. मग तीही खाटेवर बसली. "कां केलंस गे? तुज भय नाहीं वाटलं?"

जयलक्ष्मीनं बांगड्या मोजल्यासारख्या फिरवल्या.

"मागच्या वेळीं तुम्ही कुंची शिवटली होती," ती म्हणाली.

 ते कुणाला माहीत नव्हतं. स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ कापून, दुपारी सगळे निजल्यावर, देवघराच्या मागे बसून नागलक्ष्मीनं ती कुंची शिवली होती. नियम सांगणारी ती आणि मोडणारीही तीच. नऊ दिवसांनी तिनं ती कावेरीत सोडली आणि घरी येऊन स्वयंपाक केला. दोन वर्षं ती रोज एकच हिशोब करत होती, की ती कुंची शिवली नसती तर.

"तुज कसं कळलं?"

"आठवा होता. हळदीचा डबा शोधतांना देवघराच्या मागें हात लागला. अर्धी झाली होती." जयलक्ष्मी सासूकडे बघत नव्हती. "मज इतकं बरं वाटलं, आत्याबाई. पहिलं गेल्यापासून ह्या घरांत कोणी बाळाचं नांव काढत नव्हतं. लहानथोर अस्कि भीत होते. मज वाटायचं, मीच एकटी वाट पाहतें. ती कुंची पाहटली आणि कळलं, तुम्हीही पाहतां."

"ती गेली कीं गे."

"गेली. पण कुंचीनें गेली नाहीं. तिज ताप आला होता, डॉक्टर म्हणटले." ती आता रडत होती, पण बोलणं थांबलं नाही. "ह्या वेळीं कोणीच कांहीं शिवत नाहीं. पेटींत फडकीसुद्धां काढून ठेवलीं नाहींत. वन्संचा तो फ्रॉक परीक्षेचा, मज माहीत आहे. पण कोणाचंही असो, एका लेकराचं कांहीं ह्या घरांत होत होतं. म्हणून घातल्या पुळ्ळ्या."

नागलक्ष्मीनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. सासू-सुनेत हे याआधी एकदाच झालं होतं, त्या नवव्या दिवशी. बाहेर काकू कॉफी पीत होत्या आणि पितळी पेल्या-डवऱ्याचा आवाज येत होता.

"कोणासही सांगायचं नाहीं," नागलक्ष्मी म्हणाली. "पुळ्ळ्यांचं तूं नाहीं, कुंचीचं मी नाहीं."

"आणि फ्रॉक?"

"तो माझ्याकडे दे."

*

नागलक्ष्मी बाहेर आली तेव्हा फ्रॉक तिच्या हातात, नीट चार घड्या घालून, होता. गोमतीला वाटलं, निर्णय झाला. सुंदरीच्या घरी तो आता कोण घेऊन जाणार एवढंच उरलंय. तिनं मनात कच्चे दोरे कुठल्या टोकाकडून ओढायचे याचाही विचार केला. मुकाट्यानं द्यायचा तर नीट तरी द्यावा, ओढाताण करून रेशीम तुटायला नको.

"गोदाक्का म्हणतात तें खरं," नागलक्ष्मी म्हणाली. "हें कापड ह्या घरांत नक्को. एक रात्रसुद्धां नक्को."

काकूंनी समाधानानं मान हलवली.

"सुंदरीच्या घरीं द्यायचं तर ती भिंतीपलीकडे. पहिल्या हाकेस तें लेकरू इथें खेळायला येतं, फ्रॉक अंगावर घेऊन. म्हणजे गेलं कुठें? इथेंच राहिलं. नाहीं, हें गांवाबाहेर जाऊं दे." ती तिण्णैकडे वळली. "ऐकलंत का? संध्याकाळची पॅसेंजर किती वाजतां?"

"पांच दहा," अप्पाजी बाहेरून म्हणाले. उत्तर इतक्या चटकन आलं की ते तयारच असावं. मग पेपरची घडी घालत ते आत आले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "फॉर्मावर पालक म्हणून सही मी केली आहे. मी पोंचवून येतों."

"तुम्ही सही केली?" नागलक्ष्मीनं विचारलं.

"जांवई पिनांगांत. सही कोण करणार?"

"आणि रेशीम?"

वैद्यनाथनं छताकडे बघितलं.

"म्हणजे अस्किंचा हात लागला," ती म्हणाली. "राहिली कोण, मीच राहिली." पण तिच्या बोलण्यात आता राग नव्हता, हे गोमतीला कळलं आणि का नाही ते कळलं नाही.

"तंजावरास मंगळवारपर्यंत राहणार कुठें ही?" काकूंनी विचारलं. चाल कळायला त्यांना एक घोट उशीर झाला होता.

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे?"

"तुमच्या घरांत कोणी दिवस गेलेली नाहीं कीं. स्वामीनाथचं तर अजून लग्न व्हायचं आहे. तुम्हांस काय भय?" नागलक्ष्मीनं अगदी साध्या सुरात विचारलं. "दोन ओळी राहिल्या आहेत, तुमच्या माडीवर उजेड चांगला. तुम्हीच म्हणतां ना, घरांत बाई माणूस नाहीं, दिवस जात नाहीं."

 तोडगा काकूंचाच होता, फक्त एक स्टेशन पुढे गेला होता. नाही म्हणावं तर नियमाचं भय स्वतःच्याच घराला लावून घ्यायचं, आणि मुलाचं, स्वामीनाथचं, लग्न जमता जमेना ही त्यांची दुखरी जागा होती.

"माझी कांहीं ना नाहीं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण माझा चष्मा घेऊन शिवूं नक्को. आणि सकाळीं रांगोळी तुज काढायला लावणार नाहीं मी."

त्या मग गोमतीबरोबर निघायला म्हणून आपली पिशवी भरू लागल्या. पाच मिनिटांनी त्यांनी आतून विचारलं की त्या टाक्याला म्हणतात काय, तो मधाच्या पोळ्यासारखा दिसतो तो, आणि तो ब्लाउजच्या बाहीवर येतो का.

गोमतीनं दोन लुगडी, सुयांचा डबा आणि उरलेलं रेशीम घेतलं. फ्रॉक आईच्या हातात होता तो मागायला ती उंबऱ्यापाशी थांबली. अप्पाजी रस्त्यावर उतरून घोड्याच्या जटक्याला हात करत होते, वैद्यनाथ काकूंचा हात धरून पायऱ्या उतरवत होता, आणि काकू गुडघ्यांना नावं ठेवत होत्या. जयलक्ष्मी आतल्या दारात उभी होती. तिनं गोमतीकडे बघून मान हलवली, एवढंच.

नागलक्ष्मी घडी उलगडून कपडा पुन्हा बघत होती. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, चुण्यांवरून बोट फिरवलं. कापड बोटाखाली थोडं फाकलं आणि परत जागेवर आलं.

"नोकरी लागली म्हणजे लोक म्हणतील, नवर्‍याची आशा सोडली," ती म्हणाली.

"मी सोडली आहे, आई."

नागलक्ष्मीनं ते ऐकून घेतलं. एरवी ती रडली असती किंवा ओरडली असती. तिनं फ्रॉकची घडी घातली, बायकांना वाटायला आणलेल्या हळदीच्या पुडीतली चिमूटभर हळद पिशवीच्या बंदाला लावली, कपड्याला नाही, आणि पिशवी लेकीच्या हातात दिली.

"केवढ्या लेकराचा म्हणटलंस?"

"वर्षाच्या."

"परीक्षा झाल्यावर ते ठेवून घेतात का?"

"नाहीं. निकालाबरोबर परत देतात. तीन महिने लागतात म्हणे."

नागलक्ष्मीनं बोटांच्या पेरांवर मोजलं. फाल्गुन, चैत्र, वैशाख. चैत्रावर, सुनेच्या नवव्या महिन्यावर, तिचा अंगठा क्षणभर थांबला. जटकेवाला घाई करत होता आणि काकू आत बसून गोमतीच्या नावानं हाका मारत होत्या.

"वैशाखांत परत येईल," ती म्हणाली. "थोडा मोठाच होईल तेव्हां. वर्षभरानें बरोबर बसेल."

गोमती पिशवी घेऊन पायरी उतरली.

"तिथें टाकून येऊं नक्को," नागलक्ष्मी म्हणाली. "घरीं आण."